मास्तरकीचे शिक्षण, हातची कमाई आणि कर्जाचा हिशेब

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की कारागिराच्या आणि छोट्या व्यापाऱ्याच्या घरात हमखास एक बैठक बसते. मुलगी म्हणते, मला डी.एड. करायचे आहे. मुलगा म्हणतो, मी बी.एड. करणार, मागावर उभा राहणार नाही. अब्बा गप्प बसतात. अम्मी हातातल्या बांगड्यांकडे पाहते. आणि मामू म्हणतात, "बँकेचे कर्ज घ्या की, आजकाल सगळेच घेतात." सगळे बोलून होते, पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मात्र कोणी मांडत नाही. जो माणूस सुताची एक गोणी घेताना चार ठिकाणी भाव विचारतो, तोच माणूस मुलाच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी दीड लाखाचे कर्ज एका सहीने उचलतो. म्हणून या वेळी व्यापाराच्या पानावर हा विषय घेतला आहे. शिक्षकाचे प्रशिक्षण हीसुद्धा भांडवल गुंतवणूक आहे आणि तिचा हिशेब दुकानाच्या हिशेबासारखाच मांडला पाहिजे.

कर्जाच्या आधी कोर्स ठरवा

पुष्कळांचा समज असा की बी.एड. मोठे आणि डी.एड. लहान, तेव्हा पैसे घालायचेच तर बी.एड.मध्ये घालावेत. हा समज आता महागात पडतो. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमणुकीसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. (जुने डी.एड.) हवे. म्हणजे प्राथमिक शाळेत शिकवायचे स्वप्न असेल आणि बी.एड.वर कर्ज काढले असेल तर माल एका बाजाराचा आणि दुकान दुसऱ्या बाजारात, अशी गत होते.

डी.एल.एड. बारावीनंतर होते, दोन वर्षांचे असते, आणि आपल्या राज्यात त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. बी.एड. पदवीनंतर होते. २०१५ पासून तेही दोन वर्षांचे झाले आहे आणि त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. बी.एड.च्या उमेदवाराला सहावीपासून पुढचे वर्ग मिळू शकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम असावी असे म्हटले आहे. आज बारावी झालेल्या मुलाने हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या मते, ज्या घरात रोख पैशाची चणचण आहे तिथे पायरीपायरीने जाणे बरे. बारावीनंतर डी.एल.एड. करावे, टीईटी द्यावी, शाळेत लागावे, नोकरी करता करता बाहेरून पदवी घ्यावी आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.एड. करावे. मुक्त विद्यापीठांचे बी.एड. मुख्यत्वे नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठीच ठेवलेले आहे. या वाटेला वर्षे जास्त लागतात हे खरे. पण दुसऱ्या पायरीचा खर्च पगारातून भागतो आणि कर्ज एकाच कोर्सापुरते राहते. यात नोकरी वेळेवर लागेल हे गृहीत धरलेले आहे, आणि त्याबद्दल पुढे बोलूच.

आठवड्याचे तास मोजा

"शिकता शिकता कमव" हे सांगायला सोपे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे बी.एड.ला वर्षाला किमान २०० दिवस काम आणि आठवड्याला किमान ३६ तास महाविद्यालयात हजेरी अपेक्षित आहे. वर्गातली हजेरी ८० टक्के, आणि शाळेतील आंतरवासितेची ९० टक्के. ही आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची असते, त्यातील ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या. त्यावर पाठ टाचणे लिहायची, तक्ते आणि शैक्षणिक साहित्य तयार करायचे. सराव पाठाच्या आदल्या रात्री कितीजण झोपतात ते घरच्यांना विचारावे.

तेव्हा दिवसाचे सहा तास कॉलेज, दीड-दोन तास येणे-जाणे, दोन-तीन तास लिखाण. उरते ते आठवड्याला पंधरा-सोळा तासांचे कमाईचे काम. याहून जास्त काम लावले तर कॉलेज बुडते किंवा तब्येत बुडते. यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी करून सकाळी सराव पाठ घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पहिले सत्र रेटून नेतात, दुसऱ्यात फळ्यासमोर डोळे मिटू लागतात.

इथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. काही ठिकाणी जादा पैसे घेऊन हजेरीची "सोय" केली जाते आणि मुलगा वर्षभर दुसऱ्या गावी नोकरी करतो. पालक याला हुशारी समजतात. पण त्या मुलाने न घेतलेले पाठ उद्या आपल्याच मोहल्ल्यातील चाळीस मुले भोगणार असतात. आणि मापात खोट असेल तर कमाई हलाल राहत नाही, हे व्यापाऱ्याला आम्ही काय शिकवावे?

कोणते काम जुळते

सर्वात चांगले जुळते ते शिकवणीचे काम, कारण त्यात कमाई आणि सराव दोन्ही होतात. मगरिबनंतर घरीच आठ मुले घेतली आणि महिना ५०० रुपये फी धरली तर ४,००० रुपये होतात. मुलींनाही हे काम घराबाहेर न पडता करता येते. भावी गुरुजींनी तर पहिली-दुसरीची मुले मुद्दाम घ्यावीत. वाचायला शिकवण्याची कला दहावीची गणिते सोडवून येत नाही.

दुसरे काम म्हणजे वहीखाते. बी.कॉम. झालेला मुलगा बी.एड. करीत असेल तर मोहल्ल्यातील तीन-चार दुकानदारांची बिले लिहून ठेवणे, जीएसटीच्या विवरणपत्राची तयारी करणे हे त्याला सहज जमते. महिन्याला भरणा करणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा ठरलेल्या असतात. म्हणजे महिन्यातले कोणते आठ-दहा दिवस धावपळीचे, हे आधी कळते आणि सराव पाठ त्याभोवती मागून घेता येतात.

कशिदा, शिलाई, जरीकाम, बटण-काज यांसारखी नगावर मजुरी मिळणारी कामेही बरी, कारण घड्याळ आपल्या हातात राहते. मात्र रमजानच्या आणि लग्नसराईच्या मोसमात ऑर्डर इतकी येते की नाही म्हणवत नाही. तेव्हा आंतरवासिता नेमकी कोणत्या महिन्यात येणार आहे ते कॉलेजमध्ये विचारून ठेवावे, आणि कारखानदारालाही वेळीच सांगावे.

आणि कारखानदार, दुकानदार बंधूंनो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. शिकणारा मुलगा कामावर ठेवता तर त्याचे तास लिहून ठरवा आणि मजुरी महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. "तू आपलाच आहेस, नंतर पाहू" या वाक्याने कितीतरी मुलांचे परीक्षेचे फॉर्म राहिले आहेत.

कर्जाचा खरा भाव

आता मुख्य हिशेब. समजा दोन वर्षांची फी आणि इतर खर्च मिळून १,५०,००० रुपये लागणार आहेत. बँक ते वर्षाला ७५,००० प्रमाणे दोनदा देते. व्याज दर समजण्यापुरता १० टक्के धरू. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नाही. याला लोक "तीन वर्षे माफ" असे म्हणतात. माफ काही नसते. त्या काळातही साधे व्याज चालूच असते. पहिल्या ७५,००० वर तीन वर्षांचे २२,५०० आणि दुसऱ्या ७५,००० वर दोन वर्षांचे १५,०००, एकूण ३७,५००. हे मुद्दलात मिळवले की हप्ते सुरू होतानाच कर्ज १,८७,५०० झालेले असते. पाच वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ३,९८४ रुपये हप्ता बसतो आणि शेवटी घरातून २ लाख ३९ हजार रुपये गेलेले असतात. हप्ता हलका व्हावा म्हणून सात वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ३,११३ वर येतो, पण एकूण रक्कम २ लाख ६१ हजारांवर जाते. दीड लाखाचा माल कितीला पडला ते प्रत्येकाने पाहावे.

आता यात शिकवणीची कमाई घालून पाहू. महिना ४,००० मिळाले, त्यातून बसभाडे, वह्या, तक्ते यांना १,५०० गेले, २,५०० उरले. पहिल्या वर्षी आंतरवासितेचा एक महिना काम बंद धरला तर अकरा महिन्यांचे २७,५०० होतात. त्या बंद महिन्याचा खर्च १,५०० वजा केला की २६,००० हाती राहतात. बँकेने मंजूर केलेली सगळी रक्कम उचललीच पाहिजे असे नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या वर्षी ७५,००० ऐवजी ४९,००० च उचलले, तर हप्ते सुरू होताना कर्ज १,५६,३०० राहते, हप्ता सुमारे ३,३२१ होतो आणि पाच वर्षांत एकूण १ लाख ९९ हजार जातात. २६ हजारांच्या शिकवणीने पुढचे जवळजवळ ४० हजार वाचवले. दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत जात असल्याने कमाई निम्म्यावर येते. आठ महिने काम झाले आणि चार महिने नुसता खर्च झाला तर १४,००० उरतात. ही रक्कम वेगळी ठेवावी. कॉलेज संपल्यावर नोकरी लागेपर्यंतचा काळ हाच सर्वात कोरडा असतो.

व्यापाऱ्यांच्या कामाची आणखी एक गोष्ट. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, म्हणून ते बिनधोक वाटते. पण आई-वडिलांपैकी एकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागते. मुलाचा हप्ता थकला की ती नोंद वडिलांच्याही पतअहवालात येते. वडिलांची दुकानावर कॅश-क्रेडिट मर्यादा असेल, किंवा नवा माग घेण्यासाठी ते कर्ज मागायला गेले, तर तिथे अडते. मुलाच्या तीन हजारांच्या थकबाकीपायी बापाचा लाखांचा व्यवहार अडलेला असतो आणि कारण दोघांनाही कळत नाही. म्हणून हप्त्याची तारीख मुलानेच नव्हे तर वडिलांनीही आपल्या वहीत लिहून ठेवावी.

याच्या उलट चूक म्हणजे कर्ज नको म्हणून फी दुकानाच्या खेळत्या भांडवलातून देणे. सूत आणायचे पन्नास हजार फीला गेले की पुढच्या आठवड्यात माग थांबतात, आणि मग सूतवाल्याकडून चढ्या भावाने उधार माल घ्यावा लागतो. ते व्याजच झाले, फक्त वेगळ्या कपड्यातले. फी द्यायचीच असेल तर मुलाच्या नावाचे वेगळे पान उघडा आणि गल्ल्याला हात न लावता दर आठवड्याला नफ्यातून ठरावीक रक्कम त्यात टाका. हे अकरावीपासून सुरू केले तर ठीक, निकालानंतर सुरू केले तर उशीर झालेला असतो.

व्याज टाळायचे तर

व्याजाबद्दल शरीअतचा हुकूम वाचकांना माहीत आहे. अगदी निकडीच्या वेळी काय करावे हा मसला आपल्या भागातील जाणत्या आलिमांना विचारावा, ते आमचे काम नव्हे. आम्ही एवढेच सांगू शकतो की बँकेपर्यंत जाण्याआधी चाचपण्यासारख्या जागा आहेत, आणि आपले लोक तिकडे फिरकतच नाहीत.

पहिली जागा शिष्यवृत्तीची. जुलाहा, मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेवर काढले असेल तर फीमध्ये मोठी सवलत मिळते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत जाहीर केली. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून "जागा मिळवून" दिली की ही सवलत गेली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्तीही महाडीबीटीवर आहे. दाखल्यावरचे, आधारवरचे आणि गुणपत्रिकेवरचे नाव एकसारखे करून घेण्याचे काम निकालाच्या आधीच उरकावे. "शेख" कुठे आधी, कुठे नंतर, एवढ्यावरून अर्ज परत येतात.

शिष्यवृत्तीची एकच अडचण, पैसे उशिरा येतात आणि कॉलेज फी आधी मागते. ही तफावत सहा-आठ महिन्यांची असते. व्यापारी भाषेत हा येण्याचा पैसा आहे, फक्त अडकलेला. यासाठी पाच-सात वर्षांचे बँक कर्ज उचलणे म्हणजे हुंडी वटण्याआधी दुकान गहाण टाकण्यासारखे आहे. इथे खरी जागा कर्जे हसनाची आहे. मोहल्ल्यातील पाच दुकानदारांनी दहा-दहा हजार काढले तर पन्नास हजार होतात. शिष्यवृत्ती आली की ते परत फिरतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या कामी येतात. बोली न लावता चालणारी भिशीही याच कामाची आहे. घराने आपली पाळी फी भरण्याच्या महिन्यात मागून घ्यावी.

सरकारी महामंडळांपैकी राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ पासून आणि राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० पासून आहे. त्यांच्या शैक्षणिक कर्जाचा दर बँकेपेक्षा बराच कमी असतो. व्याज तिथेही आहे, आणि जामीनदार लागतो. जामीन राहणाऱ्याने हे कर्ज आपलेही आहे असे समजूनच सही करावी.

नोकरी लागल्यावर हप्ता झेपेल का

जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत लागलेल्या शिक्षकाला आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होते. १६,००० मधून ३,९८४ चा हप्ता म्हणजे पावती हातात पडताच चौथा हिस्सा गेला. विनाअनुदानित शाळेत तर याच्या निम्मेही मिळत नाही अशी उदाहरणे आपल्या ओळखीत सापडतील.

आणि भरती ठरल्या वर्षी निघेलच असे नाही. राज्यात शिक्षक अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत बी.एड. झालेल्यांचे हप्ते सुरू झाले होते आणि परीक्षाच नव्हती. टीईटीशिवाय तर पहिली ते आठवीचे दार उघडतच नाही. १५० गुणांची परीक्षा, ९० ला उत्तीर्ण, राखीव वर्गाला थोडी सूट. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, तेव्हा पात्रता आली की पहिल्याच संधीला फॉर्म भरावा. "आम्ही अल्पसंख्याक शाळेत लागू, तिथे टीईटी लागत नाही" असे म्हणणाऱ्यांनी सावध राहावे. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या खटल्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले, आणि अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे जावा म्हणून पाठवला.

याहून मोठा धोका निराळाच आहे. जागा देण्यासाठी संस्थेच्या नावाने लाखांची रक्कम मागितली जाते आणि शिक्षणाचे कर्ज फिटण्याआधीच मुलगा हे दुसरे कर्ज काढतो. या कर्जाला बँक नसते, सावकार असतो किंवा अम्मीचे दागिने असतात. शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता मिळाली नाही तर पगार सुरू होत नाही आणि दिलेले पैसे कोणी परत करीत नाही. संविधानाच्या ३० व्या कलमाने आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला, तो जागा विकण्यासाठी दिलेला नाही. हे पान वाचणाऱ्यांपैकी काहीजण अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. ही रक्कम वहीत कोणत्या नावाने जमा होते ते त्यांनीच पाहावे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट राहते. शिक्षणाचे कर्ज तिच्या नावावर असते आणि निकाह मध्येच ठरतो. रिश्त्याच्या बोलण्यात सगळे निघते, कर्ज निघत नाही. मग सासरी पहिला हप्ता आला की तोंडे उतरतात. किती बाकी आहे, ती कोण फेडणार, आणि फिटेपर्यंत मुलगी नोकरी करणार की नाही, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे.

कर्जे हसना घेताना लिखापढी करायला आपल्याला लाज वाटते. वास्तविक कुरआनमधली सर्वात लांब आयत, सूरह बकरामधील २८२ वी, कर्जाच्या लिखापढीबद्दलच आहे. साध्या कागदावर रक्कम, तारीख, दोन साक्षीदार लिहावेत. वरच्या उदाहरणातले १,२४,००० कर्जे हसना म्हणून मिळाले तर पाच वर्षांत महिना २,०६७ रुपयांत ते फिटतात. हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या महिन्यापासून सुरू होईल, आणि पगार सुरू नसेल तोवर शिकवणीच्या कमाईतून महिना ५०० रुपये देत राहीन, असे एक वाक्य त्यात जरूर घालावे. पाचशे ही रक्कम लहान आहे, पण देणाऱ्याला आपला पैसा जिवंत आहे हे दर महिन्याला कळते, आणि पुढच्या मुलासाठी तो पुन्हा खिशात हात घालतो.